ऑरगॅनिक, प्रोटीन, पॉलिमर हे शब्द देणारा बर्झेलियस शेवटी स्वतःच्याच नियमात अडकला

दुकानात 'ऑरगॅनिक' लिहिलेला गूळ दिसला की तो साध्या गुळापेक्षा महाग असणार हे ठरलेलं. जिमला जाणाऱ्यांच्या तोंडी दिवसभर प्रोटीन असतं. चपलेच्या सोलपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळीकडे पॉलिमर आहे. गाडीचं पीयूसी काढताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा विषय निघतो आणि बारावी सायन्सच्या पोरांची झोप आयसोमर उडवतात.

शब्द पाच, जागा पाच. पण या पाचही शब्दांचा माग काढत गेलं की आपण एकाच माणसाच्या दारात पोचतो. त्याचं नाव यॉन्स याकोब बर्झेलियस.

स्वीडनमधला हा डॉक्टर त्याच्या काळात युरोपातल्या रसायनशास्त्राचा न्यायाधीश मानला जायचा. कुठल्या प्रयोगाला किंमत द्यायची आणि कुठल्या सिद्धांताला बाजूला सारायचं, याबाबत त्याचा शब्द प्रमाण होता. आणि याच माणसाला म्हातारपणी आपल्या हयातभराच्या सिद्धांताला तडे जाताना बघावे लागले.

शाळेने ज्याच्याबद्दल फारशी आशा धरली नव्हती

बर्झेलियसचा जन्म २० ऑगस्ट १७७९ चा. दक्षिण स्वीडनमधल्या व्हेव्हरसुंडा या लहानशा गावातला. वडील शिक्षक होते. पोरगा चार वर्षांचा असताना ते गेले. आईने एका पाद्र्याशी दुसरं लग्न केलं, पण काही वर्षांत आईही गेली. मग सावत्र वडिलांचं घर, पुढे मामाचं घर, असं त्याचं बालपण फिरत राहिलं. मामाकडे भावंडांशी पटेना, म्हणून तो शिकता शिकता दुसऱ्यांच्या मुलांना शिकवून पोट भरायला लागला.

त्याला रानात भटकायचा, किडे आणि फुलं गोळा करायचा नाद होता. वर्गात मात्र तो गैरहजर. शाळा सोडताना मिळालेल्या शेऱ्याचा मतलब असा होता की मुलगा हुशार आहे, वागणं बरं नाही आणि त्याच्याकडून फार आशा धरता येत नाही.

तरी तो उप्साला विद्यापीठात वैद्यकी शिकायला गेला. तिथे रसायनशास्त्राची गोडी लागली. मेदेवी नावाच्या गावी औषधी झरा होता, लोक तिथलं पाणी प्यायला लांबून यायचे. त्या पाण्यात नेमकं काय आहे, हे त्याने तपासून काढलं. त्याच सुमारास, १८०० मध्ये, इटलीच्या व्होल्टाने विजेची पहिली बॅटरी बनवल्याची बातमी आली. बर्झेलियसने जस्ताच्या चकत्या आणि तांब्याची नाणी एकावर एक रचून स्वतःची बॅटरी केली आणि विजेने रुग्ण बरे होतात का, यावर १८०२ मध्ये डॉक्टरकीचा प्रबंध लिहिला. रुग्णांना फारसा फायदा झाला नाही. विजेचं वेड मात्र त्याच्या डोक्यात कायमचं बसलं.

पुढे तो स्टॉकहोमला आला. विल्हेल्म हिसिंगर या खाणमालकाच्या घरी राहायला मिळालं आणि १८०३ मध्ये दोघांनी मिळून सेरियम हे नवं मूलद्रव्य शोधलं. दोनच वर्षांपूर्वी आकाशात सेरेस सापडला होता, त्याच्यावरून हे नाव. नाव ठेवायची हौस इथूनच दिसते. १८०७ मध्ये तो प्राध्यापक झाला. मधे धंद्यात पैसे घातले होते ते बुडाले आणि ते कर्ज फेडण्यात बरीच वर्षं गेली.

'ऑरगॅनिक' म्हणजे नेमकं काय?

त्या काळात रसायनांच्या नावांची अवस्था काय होती ते आधी बघू. पदार्थ आत कसा आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे तो जिथे सापडला तिथलं नाव त्याला चिकटायचं.

मुंग्यांपासून जे ॲसिड काढलं ते फॉर्मिक ॲसिड, कारण लॅटिनमध्ये मुंगी म्हणजे फॉर्मिका. व्हिनेगर म्हणजे ॲसेटम, त्यातलं ते ॲसेटिक. दूध म्हणजे लॅक, म्हणून आंबलेल्या दुधातलं ते लॅक्टिक. सफरचंद म्हणजे मालुम, त्यातलं ते मॅलिक. ही नावं आपण आजही वापरतो, फक्त त्यातली मुंगी आणि सफरचंद आपल्याला दिसत नाहीत.

बर्झेलियस डॉक्टर असल्याने त्याच्या टेबलावर रक्त, पित्त, हाडं, दूध, मांस हे सगळं यायचं. दुसऱ्या बाजूला खनिजंही यायची. या दोन्हींत त्याला एक फरक जाणवला. खनिजं तोडता येत होती आणि पुन्हा जोडताही येत होती. पण साखर किंवा मूत्रातला युरिया तोडता यायचा, प्रयोगशाळेत बनवता येत नव्हता. ते काम फक्त जिवंत शरीरच करत होतं.

म्हणून १८०६ च्या सुमारास प्राण्यांच्या रसायनावरच्या व्याख्यानांमध्ये त्याने या विषयाला स्वतंत्र नाव दिलं, ऑरगॅनिक केमिस्ट्री. हे नाव ग्रीक 'ऑर्गॅनॉन' या शब्दावरून आलंय. त्याचा मूळ अर्थ हत्यार किंवा साधन. शरीराची साधनं म्हणजे अवयव. ज्यांना अवयव आहेत अशा जिवंत देहांचं रसायनशास्त्र ते ऑरगॅनिक.

मराठीतला 'सेंद्रिय' हा शब्द बरोबर याच वाटेने घडलाय. स अधिक इंद्रिय, म्हणजे ज्याला इंद्रियं आहेत ते सेंद्रिय. ज्याला नाहीत ते असेंद्रिय. म्हणजे आपण 'सेंद्रिय रसायनशास्त्र' म्हणतो तेव्हा दोनशे वर्षांपूर्वीची बर्झेलियसची व्याख्याच म्हणत असतो.

जिवंत शरीरात एक वेगळी 'जीवनशक्ती' असते आणि तिच्याशिवाय असे पदार्थ बनत नाहीत, असं तेव्हा बहुतेकांना वाटायचं. बर्झेलियसही त्याच काळातला. पण त्याची गोष्ट इतकी सरळ नाही. १८१४ आणि १८१५ मध्ये त्यानेच सेंद्रिय ॲसिडं तपासून दाखवून दिलं की वजनाच्या ठरावीक प्रमाणाचा जो नियम खनिजांना लागतो, तोच यांनाही लागतो. सेंद्रिय आणि असेंद्रिय यांच्यामधली भिंत त्याने बांधली आणि तिच्यातली पहिली वीटही त्यानेच काढली.

स्वयंपाकघरातली प्रयोगशाळा

हे सगळं जिथे चालायचं ती जागा बघून पाहुण्यांना धक्का बसायचा. दोन साध्या खोल्या. नळाचं पाणी नाही, मोठी भट्टी नाही, धूर बाहेर जायची सोय नाही. शेजारी स्वयंपाकघर, तिथे एकीकडे जेवण शिजायचं आणि दुसरीकडे वाळूच्या तव्यावर रसायनं तापायची.

ही जागा सांभाळायची आना सुंडस्ट्रॉम. १८०८ मध्ये घरकामाला म्हणून ती आली आणि हळूहळू प्रयोगशाळेची सगळी व्यवस्था तिच्या हातात गेली. भांडी कुठली, उपकरणं कुठली, नव्या विद्यार्थ्याने कुठे हात लावायचा नाही, सगळं तिला माहीत. आज तिला स्वीडनमधली पहिली महिला रसायनतज्ज्ञ असंही म्हटलं जातं.

तिचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. एकदा एक भांडं घासताना तिने त्याला ऑक्सिडाइज्ड म्युरिॲटिक ॲसिडचा वास येतोय अशी तक्रार केली. बर्झेलियसने तिला सांगितलं की आता तसं म्हणायचं नाही, क्लोरीन म्हणायचं.

वरवर साधी वाटणारी ही गोष्ट फार मोठी होती. इंग्लंडच्या हम्फ्री डेव्हीने १८१० मध्येच सांगितलं होतं की हा वायू कुठल्याही ॲसिडाचं रूप नाही, ते स्वतंत्र मूलद्रव्य आहे. त्याच्या फिकट हिरव्या रंगावरून, ग्रीक 'क्लोरोस' या शब्दावरून, डेव्हीने त्याला क्लोरीन म्हटलं. बर्झेलियस बरीच वर्षं हे मानायला तयार नव्हता. पुराव्यांचा ढीग झाला तेव्हा त्याने हार मान्य केली आणि ती स्वतःच्या स्वयंपाकघरापासून अमलात आणली. नाव बदलणं म्हणजे मत बदलणं, हे त्याला नीट ठाऊक होतं.

सोन्याला 'एयू' का म्हणतात?

शाळेत प्रत्येकाला पडलेला प्रश्न. सोनं म्हणजे गोल्ड, मग त्याची संज्ञा 'एयू' का? चांदीची 'एजी' का आणि लोखंडाची 'एफई' का?

डाल्टनने अणूंसाठी गोल काढले होते. कुणात ठिपका, कुणात रेघ, कुणी काळा. वहीत काढायला आणि छापखान्यात छापायला दोन्हीकडे त्रास. १८१३-१४ मध्ये बर्झेलियसने सुचवलं की सरळ अक्षरं वापरा. आणि कुठल्याही एका देशाच्या भाषेवरून भांडण नको म्हणून लॅटिन नावांची अक्षरं घ्या. सोनं म्हणजे ऑरम, चांदी म्हणजे अर्जेंटम, लोखंड म्हणजे फेरम. त्यांची सुरुवातीची अक्षरं आपण आजही लिहितो.

अणू किती आहेत तो आकडा बर्झेलियस अक्षराच्या वर लिहायचा. पुढे जर्मनीच्या लीबिगने तो खाली आणला आणि तीच पद्धत टिकली. डाल्टनला मात्र ही अक्षरं कधीच पटली नाहीत.

नुसती अक्षरं देऊन तो थांबला नाही. कुठलं मूलद्रव्य किती जड, हे ठरवण्यासाठी त्याने दहाएक वर्षांत सुमारे २००० संयुगं तपासली. १८१८ मध्ये आलेला त्याचा अणुभारांचा तक्ता अनेक बाबतीत आजच्या आकड्यांच्या आश्चर्यकारक जवळ जातो. शिवाय १८१७ मध्ये त्याने सेलेनियम शोधलं, ग्रीक चंद्रदेवता सेलेनेवरून नाव दिलं. टेल्युरियमचं नाव पृथ्वीवरून होतं, म्हणून तिच्या जोडीला चंद्र. पुढे थोरियम शोधलं, त्याला थॉर या देवाचं नाव दिलं.

एका पोराने किडनीशिवाय युरिया बनवला

१८२३ मध्ये फ्रेडरिक व्होलर नावाचा तरुण जर्मनीहून त्याच्याकडे शिकायला आला. वर्षभर राहिला आणि जन्मभराचा मित्र होऊन परत गेला.

फेब्रुवारी १८२८ मध्ये व्होलरचं पत्र आलं. अमोनियम सायनेट बनवायला जाताना त्याच्या हाती युरिया लागला होता. माणसाची किंवा कुत्र्याची किडनी न वापरता आपण युरिया बनवू शकतो, हे त्याने उत्साहाने आपल्या गुरूला कळवलं.

पुस्तकांत आणि व्हॉट्सॲपवर ही गोष्ट अशी सांगतात की त्या एका दिवसात जीवनशक्तीचा सिद्धांत संपला. तसं झालं नाही. व्होलरने वापरलेलं सायनेट मुळात शिंगं, रक्त अशा प्राणिज मालापासून आलेलं होतं, त्यामुळे शंकेला जागा होती. बर्झेलियसने पत्राला थट्टेच्या सुरात उत्तर दिलं आणि शिष्याचं कौतुकही केलं. पुढे १८४५ मध्ये कोल्बेने ॲसेटिक ॲसिड थेट साध्या मूलद्रव्यांपासून सुरुवात करून बनवलं. असे प्रयोग साठत गेले, तशी भिंत हळूहळू पडली.

बर्झेलियसला या पत्रातली दुसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. अमोनियम सायनेट आणि युरिया दोन्हींत कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन अगदी त्याच प्रमाणात होते. माल तोच, पण पदार्थ दोन.

असंच कोडं आधीही पडलं होतं. व्होलरचं सिल्व्हर सायनेट शांत होतं आणि लीबिगचं सिल्व्हर फुलमिनेट जरा धक्का लागला की फुटायचं. जमिनीवर आपटून फोडायच्या 'पॉप पॉप' फटाक्यांत हेच कणभर असतं. तपासलं तर दोघांत घटक सारखेच. सुरुवातीला प्रत्येकाला वाटलं की समोरच्याचं मोजमाप चुकलंय. बर्झेलियसनेही आधी विश्वास ठेवला नाही. मग त्याने स्वतः द्राक्षांपासून मिळणारी दोन ॲसिडं, टार्टारिक आणि रेसेमिक, तपासली आणि तिथेही तेच आलं.

१८३० मध्ये त्याने या प्रकाराला नाव दिलं, आयसोमेरिझम. ग्रीकमध्ये 'आयसॉस' म्हणजे समान आणि 'मेरॉस' म्हणजे भाग. मराठीत आपण समघटकता म्हणतो, शब्दाला शब्द. या एका नावाने मोठी गोष्ट मान्य झाली. पदार्थात काय आणि किती आहे एवढं पुरत नाही, ते कसं जोडलंय हेही बघावं लागतं. पुढचं सगळं सेंद्रिय रसायनशास्त्र या वाक्यावर उभं आहे.

पॉलिमर, कॅटॅलिसिस आणि प्रोटीन

नावांचा कारखाना आता जोरात सुरू झाला.

घटकांचं प्रमाण तेच, पण एका पदार्थात अणू दुसऱ्याच्या दुप्पट किंवा चौपट असतील, तर त्याला त्याने पॉलिमर म्हटलं. 'पॉली' म्हणजे पुष्कळ. आज पॉलिमर म्हणजे हजारो छोट्या रेणूंची साखळी, पण हा अर्थ विसाव्या शतकात आला. बर्झेलियसने प्लास्टिक कधी पाहिलंही नव्हतं. मराठीत याला बहुवारिक म्हणतात.

१८३५ मध्ये त्याने आणखी एक गोष्ट टिपली. ॲसिड टाकलं की स्टार्चची साखर होते, पण ॲसिड जसंच्या तसं उरतं. प्लॅटिनमजवळ हायड्रोजन पेट घेतो, पण प्लॅटिनमला काही होत नाही. वेगवेगळ्या लोकांनी केलेले हे सुटे प्रयोग त्याने एका ओळीत मांडले आणि सांगितलं की काही पदार्थ नुसत्या हजेरीने दुसऱ्यांना कामाला लावतात. ॲनालिसिसच्या धर्तीवर त्याने शब्द केला कॅटॅलिसिस. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ सोडवणं, विरघळवणं. मराठीतलं उत्प्रेरण या मूळ शब्दापेक्षा अर्थ जास्त नीट सांगतं.

१८३८ मध्ये डच रसायनतज्ज्ञ मुल्डर रक्त, अंड्याचा पांढरा भाग अशा पदार्थांवर काम करत होता. या सगळ्यांच्या मुळाशी एकच पदार्थ आहे, असं त्याला वाटलं. बर्झेलियसने पत्रातून नाव सुचवलं, प्रोटीन. ग्रीक 'प्रोटिओस' म्हणजे पहिल्या क्रमांकाचा. प्राण्यांच्या पोषणात हा पदार्थ सगळ्यात मूळचा आहे, असा त्यामागचा विचार. मराठीतला 'प्रथिन' शब्दही 'प्रथम'ची आठवण करून देतो. एकच मूळ पदार्थ असतो ही मुल्डरची कल्पना काही वर्षांतच चुकीची ठरली. नाव मात्र आज प्रत्येक पाकिटावर आहे.

लग्न, सरदारकी आणि आनाची रवानगी

डिसेंबर १८३५ मध्ये, ५६ व्या वर्षी, बर्झेलियसने बेटी पोपियस या २४ वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. राजाने लग्नाची भेट म्हणून त्याला बॅरन केलं. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीचं कोपली पदकही मिळालं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, माणसाला आता काय कमी आहे.

पण याच लग्नापायी आना सुंडस्ट्रॉमला जावं लागलं. २८ वर्षं जिने प्रयोगशाळा चालवली, तिला १८३६ मध्ये निरोप देण्यात आला. बर्झेलियसच्या नावावर जमा झालेल्या कामात तिचे हात किती होते, हे जगाला फार उशिरा कळलं.

द्यूमाने तीन हायड्रोजन काढले

बर्झेलियसचा सगळ्यात आवडता सिद्धांत त्याच्या तरुणपणच्या बॅटरीतून आला होता. प्रत्येक संयुगाचे दोन भाग असतात, एक धन विजेचा आणि एक ऋण विजेचा. दोघं एकमेकांना ओढतात म्हणून पदार्थ एकत्र राहतो. मिठासारख्या पदार्थांना हे छान लागू पडायचं.

या हिशेबात हायड्रोजन धन आणि क्लोरीन ऋण. म्हणजे हायड्रोजनच्या खुर्चीवर क्लोरीन बसूच शकत नाही.

पण पॅरिसमध्ये जाँ बाप्तिस्त द्यूमाने नेमकं तेच करून दाखवलं. ॲसेटिक ॲसिडमधले तीन हायड्रोजन काढून तिथे तीन क्लोरीन बसवले. विजेच्या सिद्धांताप्रमाणे पदार्थ पार उलटापालटा व्हायला हवा होता. तो तरीही ॲसिडच राहिला आणि बराचसा आधीसारखाच वागला.

इथे बर्झेलियस क्लोरीनच्या वेळेसारखं वागला नाही. १८२१ पासून तो दरवर्षी जगभरातल्या रसायनशास्त्राचा आढावा लिहायचा. व्होलर त्याचं जर्मन भाषांतर करायचा आणि अख्खा युरोप ते वाचायचा. त्या आढाव्यांतून त्याने द्यूमा आणि त्याच्या बाजूच्या लोकांवर टीकेची झोड उठवली. सिद्धांत वाचवण्यासाठी तो नवनवीन सूत्रं मांडत गेला, आणि ती इतकी गुंतागुंतीची होत गेली की त्याचे चाहतेही मागे हटले. १८४२ मध्ये तेच क्लोरीनवालं ॲसिड पुन्हा साध्या ॲसेटिक ॲसिडमध्ये बदलता आलं, तेव्हा तर त्याची बाजू आणखीच लंगडी पडली. लीबिगशी जुनी मैत्रीही याच वर्षांत तुटली. व्होलर तेवढा शेवटपर्यंत सोबत राहिला.

तो पूर्ण चुकलेलाही नव्हता. अणू एकमेकांना धरून ठेवतात त्यात विजेचा हात आहे, हे विसाव्या शतकात इलेक्ट्रॉन कळल्यावर पुन्हा मान्य झालं. पण ते बघायला तो नव्हता. ७ ऑगस्ट १८४८ रोजी स्टॉकहोममध्ये त्याचं निधन झालं. वयाची ६९ वर्षं पुरी व्हायला थोडे दिवस बाकी होते.

शब्द राहिले, अर्थ बदलले

त्याच्या मागे काही वर्षांतच केकुलेच्या पाठ्यपुस्तकाने ऑरगॅनिक केमिस्ट्रीची नवी व्याख्या रूढ केली, कार्बनच्या संयुगांचं रसायनशास्त्र. जिवंत शरीराची अट गेली. म्हणून आज रसायनशास्त्राच्या भाषेत पेट्रोल ऑरगॅनिक आहे, पॉलिथिनची पिशवी ऑरगॅनिक आहे आणि शेतात फवारली जाणारी बहुतेक कीटकनाशकंही ऑरगॅनिक आहेत. गुळाच्या पाकिटावरचा 'ऑरगॅनिक' शेतीच्या पद्धतीबद्दल बोलतो, रसायनशास्त्राबद्दल नाही. एकच शब्द दोन वेगळ्या वाटांनी गेलाय, त्यामुळे पाकीट वाचताना तो कुठल्या अर्थाने आलाय ते बघितलेलं बरं.

महाराष्ट्राच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात तर धड्याचं नावच 'कार्बनी संयुगे' आहे. इंद्रियं गेली, कार्बन आला. स्टॉकहोममधल्या बर्झेली पार्कात त्याचा पुतळा १८५८ पासून उभा आहे. पण त्याने दिलेले शब्द रोज वापरणाऱ्या कोट्यवधी लोकांपैकी बहुतेकांना त्याचं नावही माहीत नाही.